पाच धातू, एक स्फटिक: हाय-एन्ट्रॉपी पेरोव्हस्काइट म्हणजे काय?

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, किंवा आमच्यासारखे नोकरीनिमित्त थेट चंदीगडला येऊन राहिलेले. तुम्ही जिथून ही मालिका बघत होतात तिथूनच आता ती वाचताय, याचा मला मनापासून आनंद आहे. व्हिडिओत मी फळ्यावर आकृत्या काढून बोललो होतो. इथे फळा नाही, म्हणून थोडं सावकाश जाऊ आणि एकेक पायरी नीट चढू.

आजचा विषय सिरॅमिकचा. सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी, बरणी, बाथरूमची फरशी आठवते. पण तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही सिरॅमिक आहे. त्यात तांदळाच्या कणीपेक्षा लहान असे कपॅसिटर शेकड्यांनी बसवलेले असतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात बेरियम टायटनेट नावाचं सिरॅमिक असतं. हे बेरियम टायटनेट ज्या कुळातलं आहे ते कूळ म्हणजे पेरोव्हस्काइट. गेल्या काही वर्षांत या कुळात एक नवी शाखा निघाली आहे. तिच्यात एकाच स्फटिकात पाच, कधी दहा वेगवेगळे धातू एकत्र नांदवतात. तिचं नाव हाय-एन्ट्रॉपी पेरोव्हस्काइट ऑक्साइड. नाव भारदस्त आहे. त्यामागे नक्की काय आहे, ते कसं बनवतात, त्याचा उपयोग काय, आणि त्या नावावर किती विश्वास ठेवायचा, हे आज बघू.

आधी घराचा नकाशा

१८३९ साली उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचं वर्णन गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने केलं आणि त्याला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन अधिकाऱ्याचं नाव दिलं. ते खनिज म्हणजे कॅल्शियम टायटनेट. पुढे त्याच्यासारखी अणूंची मांडणी असलेले शेकडो पदार्थ सापडले, आणि त्या सगळ्यांनाच पेरोव्हस्काइट म्हणू लागले. सौरघटांच्या बातम्यांत येणारं पेरोव्हस्काइटही याच मांडणीचं, पण त्यात ऑक्सिजनच्या जागी आयोडीन किंवा ब्रोमीन असतं. आपण आज फक्त ऑक्साइडबद्दल बोलतोय.

मांडणी सोपी आहे. एक घन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर मोठ्या आकाराचे धातूचे आयन, त्यांना ए म्हणू. घनाच्या मधोमध एक लहान आयन, तो बी. आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर ऑक्सिजन. असे घन एकाला एक लावत गेलं की स्फटिक तयार. हिशेब केला तर एका ए-मागे एक बी आणि तीन ऑक्सिजन येतात.

चंदीगड पाहिलेल्यांना हे समजायला सोपं जाईल. ल कॉर्बुझिएने हे शहर चौकटीत आखलं. एक सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, त्याच्या चारी बाजूंनी मोठे रस्ते, आत घरं, बाजार, शाळा. सेक्टर १७ मधून सेक्टर २२ मध्ये गेलात तरी आखणीचा नियम तोच. माणसं मात्र वेगवेगळी: पंजाबी, हरयाणवी, हिमाचली, आणि तुरळक मराठीसुद्धा. आखणी पक्की, रहिवासी बदलते. स्फटिकाचंही तसंच आहे. आजच्या सगळ्या गोष्टीचा गाभा हाच, की नकाशा न मोडता रहिवासी किती मिसळता येतात.

पेरोव्हस्काइटचा नकाशा किती कामाचा आहे याचं एक उदाहरण इथे शेजारीच आहे. मोहालीच्या नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतल्या गटाने लँथॅनम व्हॅनाडेट आणि पोटॅशियम टँटलेट हे दोन पेरोव्हस्काइट एकावर एक चढवले. दोन्ही एकेकटे विजेचे दुर्वाहक. पण ते जिथे एकमेकांना भेटतात त्या पातळ सीमेवर वीज वाहते. त्या सीमेवरचं त्यांचं काम २०२० साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आलं. नुसती ए आणि बी जागांवरची माणसं बदलून, थर रचून एवढं होतं, तर एकाच जागेवर पाच जणांना बसवलं तर काय होईल?

कोणाला घरात घ्यायचं?

वाटेल त्याला घेता येत नाही. ए-ची जागा मोठी, बी-ची लहान. दोघांचं माप एकमेकांना जुळलं पाहिजे. १९२६ साली व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी यासाठी एक सोपं गणित दिलं. ए आणि ऑक्सिजन यांच्या त्रिज्यांची बेरीज घ्या. बी आणि ऑक्सिजन यांच्या त्रिज्यांची बेरीज करून तिला २ च्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ च्या आसपास आलं तर घन नीट बसतो. १ पेक्षा बरंच कमी आलं तर ए आत सैल पडतो आणि चौकट वाकडी होते. बरंच जास्त आलं तर चौकट षट्कोनी वळण घेते.

करून बघू. ऑक्सिजनची त्रिज्या १.४० अँगस्ट्रॉम, स्ट्राँशियमची १.४४, टायटॅनियमची ०.६०५. स्ट्राँशियम टायटनेटचं उत्तर येतं १.००. अगदी मापात शिवलेला सदरा! कॅल्शियम टायटनेटचं ०.९७, तो किंचित वाकडा. बेरियम टायटनेटचं १.०६, तिथे टायटॅनियमला आत थोडं हलायला जागा मिळते आणि त्या हलण्यातूनच त्याचे विजेचे गुण येतात.

आता बी-च्या जागेवर टायटॅनियम, झिर्कोनियम, कथिल, हाफ्नियम आणि मँगनीज हे पाच जण प्रत्येकी २० टक्के घेऊ. त्यांच्या त्रिज्यांची सरासरी येते ०.६५. ए-वर स्ट्राँशियम ठेवलं तर उत्तर ०.९८. कागदावर तरी जमतंय. शिवाय पाचही जण इथे चार धन भाराचे, म्हणजे विजेच्या भाराचाही हिशेब बसतो. ही रचना मी मुद्दाम घेतली, कारण ती प्रत्यक्षात बनवलेली आहे. तिच्याकडे आपण परत येऊ.

एन्ट्रॉपी म्हणजे नुसता पसारा नव्हे

एन्ट्रॉपीचं भाषांतर अव्यवस्था असं करतात आणि विद्यार्थी गोंधळतात. आपण मोजणीकडून जाऊ. एका गल्लीत २५ घरं आहेत, पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत पाच घरं. पाच आडनावांची प्रत्येकी पाच कुटुंबं तिथे राहायला येणार आहेत. एका आडनावाच्या सगळ्यांनी एकाच रांगेत राहायचं असं ठरलं, तर रांगा वाटण्याचे प्रकार फक्त १२०. पण कोणीही कुठेही राहा म्हटलं, तर प्रकार होतात सुमारे ६२३ लाख कोटी! २५ घरांत हा आकडा. चिमूटभर पावडरीत तर घरांची संख्या मोजायला शब्द अपुरे पडतात.

मांडणीचे हे जितके जास्त प्रकार, तितकी एन्ट्रॉपी जास्त. लुडविग बोल्ट्झमनचं हे सूत्र व्हिएन्नातल्या त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. पाच धातू समप्रमाणात एकाच जागेवर मिसळले तर त्या जागेवरच्या एका मोलमागे मिसळण्याची एन्ट्रॉपी येते १३.४ ज्यूल प्रति केल्विन. दोनच धातू मिसळले तर ५.८. पाच मिसळल्याने ती दुपटीहून अधिक होते.

निसर्ग कमी करू पाहतो ती मुक्त ऊर्जा. ती म्हणजे एन्थाल्पी वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपी. एन्थाल्पी ही माणसांच्या आपसातल्या पटण्या-न पटण्याची किंमत समजा. न पटणारे शेजारी एकत्र ठेवायचे तर ती वाढते. पण दुसऱ्या पदात एन्ट्रॉपीला तापमानाने गुणलेलं आहे. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, पाच धातूंच्या मिसळण्याची सूट फक्त ४ किलोज्यूल. भट्टीत १३०० अंश सेल्सिअसला तीच सूट २१ किलोज्यूल होते. थंडीत जे भांडत होते ते भट्टीत एकत्र नांदू शकतात. भट्टी लागते ती यासाठी.

कल्पना आली कुठून?

सुरुवात मिश्रधातूंपासून झाली. हजारो वर्षं आपण एक मुख्य धातू घेऊन त्यात चिमूटभर दुसरे घालत आलो. लोखंडात कार्बन घातला की पोलाद, तांब्यात कथिल घातलं की कांसं. २००४ साली तैवानच्या जिएन-वेई ये आणि इंग्लंडच्या ब्रायन कँटर यांनी स्वतंत्रपणे पाच किंवा अधिक धातू बरोबरीने मिसळण्याचा मार्ग मांडला. हाय-एन्ट्रॉपी हे नाव ये यांच्याकडून रूढ झालं. त्याच्या एक वर्ष आधी, २००३ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. रंगनाथन यांनी करंट सायन्स या आपल्या नियतकालिकात अशा बहुधातूंच्या कॉकटेलवर लेख लिहून जगाचं लक्ष वेधलं होतं. भारतीय माणूस या गोष्टीच्या पहिल्या पानापासून आहे, हे लक्षात असू द्या.

ऑक्साइडमध्ये ही कल्पना २०१५ साली आली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या गटाने मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त यांची ऑक्साइडं समप्रमाणात घेतली. यातलं तांब्याचं आणि जस्ताचं ऑक्साइड एकेकटं असताना मिठासारख्या घनाकार रचनेत राहत नाही. त्यांच्या रचना वेगळ्या. पण ९०० अंशांना पाचही जण एकाच घनाकार स्फटिकात विरघळले. थंड करून थोड्या खालच्या तापमानाला पुरेसा वेळ ठेवलं की पुन्हा फुटून निघाले. परत तापवलं, परत एक झाले. हे जाणं-येणं फार महत्त्वाचं आहे, ते ध्यानात ठेवा.

२०१८ साली पेरोव्हस्काइटचा नंबर लागला. अमेरिकेत सॅन दिएगोच्या गटाने स्ट्राँशियम आणि बेरियमच्या अनेक रचना करून पाहिल्या. त्यात आपण मघाशी मोजलेली पाच जणांची रचनाही होती. त्यांना दिसलं की गोल्डश्मिटचं उत्तर १ च्या जवळ असणं आवश्यक आहे, पण तेवढंच पुरेसं नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटाने ए-वर पाच आणि बी-वर पाच असे दहा धातू एका पेरोव्हस्काइटमध्ये बसवले. ए-वर गॅडोलिनियम, लँथॅनम, निओडिमियम, समेरियम, इट्रियम. बी-वर कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड, मँगनीज, निकेल. दहा आडनावं आणि एकच चाळ!

बनवायचं कसं?

आता स्वयंपाकघरात शिरू. पाच धातू समप्रमाणात म्हणजे समान वजनाने नव्हे, समान अणूंच्या संख्येने. आपल्या स्ट्राँशियमच्या रचनेसाठी १४.७६ ग्रॅम स्ट्राँशियम कार्बोनेट घेतलं, तर टायटॅनियम ऑक्साइड १.६० ग्रॅम लागतं, झिर्कोनियमचं २.४६, कथिलाचं ३.०१, मँगनीजचं १.७४ आणि हाफ्नियमचं ४.२१. अणू तितकेच, पण हाफ्नियम जड म्हणून वजन जास्त.

वजन करण्याआधी पावडरी कोरड्या पाहिजेत. लँथॅनम ऑक्साइड तर हवेतलं पाणी पिऊन हायड्रॉक्साइड होतं. पूर्ण झालं तर वजन १६-१७ टक्क्यांनी फुगतं, म्हणजे तुम्ही लँथॅनम समजून पाणीच तोललं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला नियम सांगतो: लँथॅनम असेल तर आधी ९००-१००० अंशांना तापवून घ्या आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा. चंदीगडच्या पावसाळ्यात तर हा नियम दुप्पट लागू.

मग दळण. थोडं असेल तर अकीकचा खल, जास्त असेल तर बॉल मिल. झिर्कोनियाचे गोळे, सोबत थोडा अल्कोहोल, आणि रात्रभर फिरवायचं. गोळेही किंचित झिजतात आणि त्यांचं झिर्कोनियम पावडरीत उतरतं, हेही हिशेबात धरावं लागतं. वाळवून १००० ते ११०० अंशांना पहिली भाजणी करतात. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड तिथे निघून जातो. पुन्हा दळायचं, साच्यात दाबून गोळीएवढी चकती करायची, तिला पेलेट म्हणतात, आणि १३०० ते १५०० अंशांना काही तास सिंटरिंग. सिंटरिंग म्हणजे न वितळवता कण एकमेकांना चिकटवणं, कुंभाराच्या आव्याचीच शास्त्रीय बहीण. इथून तासाभरावर असलेलं अंबाला हे प्रयोगशाळेच्या उपकरणांचं जुनं गाव. भट्ट्या, खल, काचसामान सगळं तिथे मिळतं.

इतक्या वेळा दळणं-भाजणं का? घन पदार्थात अणू फार हळू सरकतात. एका कणातल्या हाफ्नियमला शेजारच्या कणात जायचं म्हणजे हजारो घरं ओलांडायची. दळल्याने अंतर कमी होतं, तापवल्याने चाल वाढते.

दुसरी वाट द्रावणातून जाते. धातूंची नायट्रेटं पाण्यात विरघळवली की अणू आधीच मिसळलेले असतात. त्यात ग्लायसिन किंवा युरिया घालून तापवलं की पाणी उडतं, फेस येतो, आणि तो पेट घेतो. काही मिनिटांत हलकीफुलकी पावडर हातात! या ज्वलन पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत बंगळूरचे के. सी. पाटील अग्रभागी होते. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने युरिया वापरून ५०० अंशांच्या भट्टीत अॅल्युमिना बनवून दाखवलं. मात्र टायटॅनियम आणि हाफ्नियम यांची सोयीची नायट्रेटं मिळत नाहीत, त्यामुळे ही वाट लोखंड, मँगनीज, लँथॅनम अशा मंडळींना जास्त मानवते.

खरंच एक झाले का?

इथे मी तुम्हाला चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेतो. नेक चंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या जंगलात गुपचूप फुटक्या कपबशा, बांगड्या, फरश्या, विजेचे चिनीमातीचे दट्टे गोळा करून मूर्ती घडवायला सुरुवात केली. १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. लांबून बघितलं तर एक अखंड मूर्ती दिसते. जवळ गेलं की प्रत्येक तुकडा वेगळा ओळखता येतो: ही बांगडी, हा कपाचा कान. कलेत हेच सौंदर्य आहे. पण आपल्या पदार्थात असं झालं तर ते मिश्रण झालं, घन द्रावण नव्हे. आपल्याला असा दगड हवा की कितीही जवळ गेलं तरी तुकडे सापडू नयेत.

म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची. पहिली क्ष-किरणांची. स्फटिकातून परतलेले किरण ठरावीक कोनांवर शिखरं देतात. एकाच पेरोव्हस्काइटची शिखरं दिसली तर आशा वाटते. पण दोनेक टक्क्यांहून कमी असलेला परका पदार्थ साध्या यंत्राला दिसत नाही. दुसरी पायरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, जिथे प्रत्येक धातूचा वेगळा नकाशा काढता येतो. एखाद्या नकाशात ठिपक्यांचे पुंजके दिसले की समजायचं, ही मंडळी कोपऱ्यात वेगळी बसली आहेत. तिसरी पायरी अणूंच्या पातळीवर जाऊन बघण्याची. ती महाग आहे, पण शेजारच्या घरात नक्की कोण राहतं हे तिथेच कळतं.

मिळतं काय?

पहिला गुण उष्णतेचा. घन पदार्थात उष्णता अणूंच्या कंपनांच्या लाटांनी वाहते. सगळे अणू सारखे असतील तर लाट सरळ जाते. आता एकाच जागेवर ४८ वजनाचा टायटॅनियम आणि १७८ वजनाचा हाफ्नियम आलटून-पालटून बसले की लाट अडखळते. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी पळत नाही, तसं. त्यामुळे असे पदार्थ उष्णता कमी वाहतात. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांवर आज इट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा थर देतात, पण सुमारे १२०० अंशांच्या वर तो दीर्घकाळ टिकत नाही. स्ट्राँशियम झिर्कोनेट हे पेरोव्हस्काइट त्याला पर्याय होऊ शकतं, पण तापवताना त्याची रचना तीनदा बदलते आणि थराला तडे जाण्याची भीती असते. बी-च्या जागी अनेक धातू बसवून हे बदल दाबता येतील का, यावर काम चालू आहे.

दुसरा गुण विजेचा. शुद्ध बेरियम टायटनेट सुमारे १२० अंशांना एकदम स्वभाव बदलतं. पाच धातू मिसळले की प्रत्येक मोहल्ल्याचा स्वभाव थोडा वेगळा, म्हणून एकदम उडी न मारता बदल हळूहळू, पसरून होतो. ऊर्जा साठवणाऱ्या कपॅसिटरला हेच हवं असतं, कारण भरलेली वीज परत देताना वाया कमी जाते.

तिसरा उपयोग इंधनघटांत. त्यांच्या ऑक्सिजनच्या बाजूला लँथॅनम आणि स्ट्राँशियम असलेली पेरोव्हस्काइटं वापरतात. काही महिन्यांच्या कामानंतर स्ट्राँशियम पृष्ठभागावर येऊन बसतं आणि वाट अडवतं. ए-च्या जागी अनेक धातू मिसळून हे स्थलांतर कमी करण्याचे प्रयत्न अनेक गट करत आहेत.

नाव मोठं, पण काम कोणाचं?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाच धातू एका स्फटिकात बसले म्हणजे एन्ट्रॉपीनेच त्यांना बसवलं, असं आपोआप सिद्ध होत नाही. समजा ए-च्या जागी लँथॅनम, निओडिमियम, समेरियम, गॅडोलिनियम, इट्रियम आहेत आणि बी-वर फक्त लोखंड. या पाचांची लोखंडाबरोबरची पेरोव्हस्काइटं एकेकटीच एकसारख्या रचनेची असतात. मुळातच एका घरातली भावंडं. ती एकत्र राहिली यात नवल ते काय? हे हाय-एन्ट्रॉपी आहे, कारण एन्ट्रॉपी जास्त आहे. पण ते एन्ट्रॉपीने टिकवलेलं आहे, असं म्हणता येत नाही.

एन्ट्रॉपीचं खरं श्रेय तिथे, जिथे एखादा सदस्य एकेकटा त्या घरात राहायला तयार नसतो. स्ट्राँशियम मँगनेट हवेत साधारणपणे षट्कोनी रचनेत राहतं. तरीही ते आपल्या पाच जणांच्या रचनेत घनाकार होऊन बसलं. गॅडोलिनियम किंवा इट्रियम निकेलबरोबर पेरोव्हस्काइट व्हायला एरवी ऑक्सिजनचा मोठा दाब मागतात. कार्ल्सरूहच्या दहा जणांच्या चाळीत ते सामावले. अशा ठिकाणी प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. उत्तर मिळतं ते २०१५ च्या जाण्या-येण्याच्या कसोटीतून. तापवून एक झाले का? खालच्या तापमानाला पुरेसा वेळ दिल्यावर फुटले का? पुन्हा तापवल्यावर परत एक झाले का? झाले, तर श्रेय एन्ट्रॉपीचं.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसं नाही. समजा अशा पदार्थाचा थर इंजिनाच्या पात्यावर दिला आणि तो फक्त १३०० अंशांना एकसंध राहतो. इंजिन ८०० अंशांवर तासन्‌तास चाललं तर आतल्या आत तो फुटू लागेल. अणूंची चाल इतकी मंद असेल की ते वर्षानुवर्षं अडकून राहतील, तर काम भागेल. पण तेव्हा श्रेय चालीच्या मंदपणाचं आहे, आणि किती वर्षं भागेल हे मोजून बघावं लागतं. शिवाय, एखादा मुलगा किंवा मुलगी पीएचडीची चार-पाच वर्षं या विषयाला देते. नुसता सहावा धातू घालून नवं नाव द्यायचं, की एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, हे पहिल्या वर्षीच ठरवलं पाहिजे. पाचाऐवजी दोन धातूंनी तोच गुण मिळत असेल, तर दोनच वापरावेत. तुलनेसाठी दोन धातूंची साधी चकती त्याच भट्टीत, त्याच दिवशी भाजली आहे का, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतो.

आपल्याशी याचा संबंध

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्या यादीत समेरियम, गॅडोलिनियम आणि इट्रियम आहेत. कार्ल्सरूहच्या ए-जागेवरच्या पाचांपैकी तीन! म्हणजे प्रयोगशाळेत सुंदर दिसणारी रचना बाजारात अडकू शकते.

आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यात टायटॅनियम असतं. मोनाझाइटमधून निघणारी लँथॅनम, सेरियम, निओडिमियम ही मंडळी रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी, की त्यांना एकमेकांपासून वेगळं करायला अर्काच्या असंख्य फेऱ्या लागतात. खर्च तिथेच होतो. मग साधा प्रश्न असा: ज्या पदार्थात आपण त्यांना शेवटी मिसळणारच आहोत, त्यासाठी आधी पूर्ण वेगळं करायलाच हवं का? अर्धवट वेगळं केलेलं मिश्रण थेट ए-च्या जागी चालेल का? यात अडचणी आहेत. खनिजाचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. सेरियम हवेत चार धन भार घेऊन वेगळं ऑक्साइड बनवून बाहेर पडू बघतं, म्हणजे निदान त्याला तरी आधी काढावं लागेल. पण प्रश्न खरा आहे, आपल्या मातीतला आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर नाही, भट्टीत मिळेल.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात पाच-सहा धातूंच्या जादुई पदार्थाची बातमी वाचलीत, तर चार प्रश्न विचारा. तो खरंच एकसंध आहे का, आणि हे कुठल्या यंत्राने पाहिलं? यातला एखादा धातू एकेकटा त्या रचनेत राहत नाही, असा आहे का? कमी धातूंच्या साध्या पदार्थाशी तुलना केली आहे का? आणि वापराच्या तापमानाला तो किती काळ टिकतो? चारही उत्तरं मिळाली तर बातमी मनापासून वाचा. नाही मिळाली तर कुतूहल ठेवा, पण टाळ्या थोड्या थांबवून ठेवा.

पुढच्या भागात आपण याच भट्टीजवळ थांबून सिंटरिंगबद्दल सविस्तर बोलू: न वितळता दगड घट्ट कसा होतो? तोपर्यंत घरातल्या शाळकरी मुलांना २५ घरांचं गणित सोडवायला द्या. १२० चा आकडा तोंडी येतो. ६२३ लाख कोटींसाठी कागद लागेल.